कॉस्प्ले झाला, आता पोशाखाचं काय? सेकंडहँड बाजार नेमका कसा चालतो?

आवडत्या पात्राचा पोशाख शिवायला महिने लागतात. अंगावर तो चढतो एक-दोन दिवस. कार्यक्रम संपला की विग, चिलखत आणि फोमची तलवार कपाटावर जाऊन बसते. पुढच्या पात्रासाठी जागा हवी असते, पैसेही हवे असतात. म्हणून अनेक कॉस्प्लेअर जुना पोशाख विकायला काढतात. पण हा व्यवहार जुनी जीन्स विकण्याइतका सोपा नाही.

हा बाजार सर्वाधिक रुजला कुठे?

जपानमध्ये. ‘कॉस्प्ले’ हा शब्द 1980 च्या दशकात नोबुयुकी ताकाहाशी यांच्या लेखनातून रूढ झाला. टोकियोतल्या नाकानो भागात 1980 मध्ये जुन्या मांगा पुस्तकांचं दुकान म्हणून सुरू झालेल्या ‘मांदाराके’त आज खेळण्यांसोबत वापरलेले कॉस्प्ले पोशाखही मिळतात. 2013 मध्ये ‘मेरुकारी’ हे ॲप आलं आणि घरबसल्या विक्री सोपी झाली.

परवाना लागतो का?

स्वतः वापरलेला पोशाख विकायला जपानमध्ये परवाना लागत नाही. मात्र जुन्या वस्तू विकत घेऊन पुन्हा विकण्याचा धंदा करायचा असेल, तर 1949 च्या कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. चोरीचा माल बाजारात फिरू नये, हा त्यामागचा हेतू.

किंमत कशी ठरते?

रेडीमेड पोशाखाची तुलना थेट नव्या पोशाखाशी होते. मालिका चर्चेत असेल तर भाव चढतो, विस्मरणात गेली की उतरतो.

खरी अडचण हाताने बनवलेल्या पोशाखाची. समजा, सामानाला 6,000 रुपये लागले आणि 80 तास काम केलं. तासाला अवघे 50 रुपये धरले तरी एकूण 10,000 होतात. पण खरेदीदार 3,000 च्या रेडीमेड पोशाखाशी तुलना करतो. शिवाय हा पोशाख एकाच्याच मापाने बेतलेला असतो. त्यामुळे मेहनतीचे पैसे सहसा सुटत नाहीत. सामानाचा खर्च निघाला तरी सौदा बरा म्हणायचा.

जाहिरातीत काय सांगायला हवं?

• माप: ‘मीडियम’ पुरेसं नाही. छाती, कंबर, खांदा आणि उंची इंचांत द्यावी.
• दोष: कॉलरवरचे मेकअपचे डाग, उसवलेली शिवण, वास यांची माहिती आणि दिवसाच्या उजेडातले फोटो.
• रेक्झिन: दमट हवेत कृत्रिम चामड्याचे पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणात हे हमखास तपासावं.
• विग: एकदा कापलेला विग पुन्हा लांब होत नाही. कुठे कापला, ते लिहावं.
• प्रॉप: फोम कुठे दबलाय, रंग कुठे उडालाय आणि आत लिथियम बॅटरी आहे का. बॅटरी असेल तर कुरिअरचे नियम आधी विचारावेत.

काय विकू नये?

वापरलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स कधीच नाहीत. डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो. वापरलेले अंतर्वस्त्र आणि शाळेचे खरे गणवेश ‘मेरुकारी’वर चालत नाहीत. ‘न धुता पाठव’ किंवा ‘घालून फोटो दे’ असं कुणी म्हटलं, तर तो ग्राहक नाही. उत्तर देत बसू नये. स्क्रीनशॉट ठेवून ब्लॉक आणि रिपोर्ट करावं.

धातूच्या तलवारींबाबतही जपून. जपानमध्ये धार नसलेली धातूची नकली तलवारसुद्धा योग्य कारणाशिवाय बाळगता येत नाही. भारतात धारदार तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

कॉपीराइटचं काय?

एखादा अधिकृत पोशाख वापरून झाल्यावर विकणं आणि पात्राच्या जोरावर व्यवसाय उभारणं, यात फरक आहे. टोकियोत पर्यटकांना गो-कार्टसोबत मारिओसारखे पोशाख भाड्याने देणाऱ्या कंपनीवर निन्टेन्डोने 2017 मध्ये खटला भरला. 2020 मध्ये त्या कंपनीला 5 कोटी येन भरपाई देण्याचा आदेश झाला.

खरेदीदाराने काय पाहावं?

विक्रेत्याने स्वतः काढलेले फोटो मागावेत. कागदावर आजची तारीख लिहून ती पोशाखाशेजारी ठेवून काढलेला फोटो मागितला, तर इंटरनेटवरून उचललेले फोटो लगेच उघडे पडतात. आणि पार्सल कार्यक्रमाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी हातात येईल असं पाहावं. कारण जुना पोशाख जवळजवळ नेहमीच थोडा आत घ्यावा लागतो किंवा बाहेर सोडावा लागतो.