पब्लिक अफेअर्स : व्यावसायिक संघटनेत आपल्या तरुणांनी का आणि कसे जावे?

शिष्यवृत्ती अडकली की आपण मोर्चा काढतो, समाजकल्याण कार्यालयात निवेदन देतो, पोच घेतो आणि घरी येतो. मीही हे अनेकदा केले आहे. ते आवश्यकच आहे. पण निर्णयाचा मसुदा त्याच्या कितीतरी आधी मंत्रालयात किंवा दिल्लीत फिरत असतो. त्या काळात तिथे बाजू मांडणारे लोक पगारी, प्रशिक्षित आणि संघटित असतात. त्यांच्या व्यवसायाला पब्लिक अफेअर्स किंवा गव्हर्नमेंट रिलेशन्स म्हणतात. सामाजिक संस्थांमध्ये याच्याच जवळच्या कामाला ॲडव्होकसी म्हणतात.

काम काय असते?

विधेयके, अर्थसंकल्प, अधिसूचना यांवर लक्ष ठेवणे, त्यांचा परिणाम काढणे, दोन पानी टिपण तयार करणे आणि ते अधिकारी, आमदार, खासदार यांच्यापुढे मांडणे. समाजशास्त्र, कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकलेल्यांना हे काम जमण्यासारखे आहे.

संघटना कोणत्या?

भारतात २००८ मध्ये पब्लिक अफेअर्स फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. अमेरिकेत पब्लिक अफेअर्स कौन्सिल १९५४ पासून आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली या व्यावसायिकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि २०१८ मध्ये ती जनसंपर्क व्यावसायिकांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. अशा संघटना परिषदा आणि प्रशिक्षण घेतात, आचारसंहिता ठरवतात. पण खरा फायदा ओळखींचा असतो. या क्षेत्रातल्या अनेक जागांची खबर जाहिरातीआधी ओळखीतून फिरते. ज्यांच्या घरात आधी कोणी अशा नोकरीत नव्हते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. आपला प्रश्न इथेच आहे.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. भारतात असा कायदा नाही. २०१३ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक आले होते, ते मंजूर झाले नाही. मात्र लाच देणे हाही गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात हे आणखी स्पष्ट झाले. सम्यक आजीविका मानणाऱ्याने ही रेषा पहिल्याच दिवशी आखून घ्यावी.

सुरुवात कशी करावी?

१. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा सर्वसाधारणपणे किमान ३० दिवस जनतेच्या सूचनांसाठी खुला ठेवायचा असतो. एखादा मसुदा निवडा आणि कलमवार सूचना पाठवा. हाच तुमच्या कामाचा पहिला नमुना.

२. पदवीधर असाल आणि वय २५ च्या आत असेल, तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या लॅम्प फेलोशिपसाठी अर्ज करा. तिथे एका खासदारासोबत संसदीय कामाचा अनुभव मिळतो.

३. सभासद होण्याआधी चार गोष्टी विचारा : आचारसंहिता आहे का, सभासद कोण आहेत, व्यक्तीला प्रवेश आहे की फक्त कंपनीला, आणि फी किती. फी झेपत नसेल तर खुल्या कार्यक्रमांपासून सुरुवात करा, किंवा आपल्या संस्थेमार्फत जाता येते का ते पाहा.

४. सभासदत्व म्हणजे नोकरीची हमी नव्हे. तिथे बहुतेक जण कंपन्यांची बाजू मांडतात. मालकाची भूमिका समाजाच्या हिताविरुद्ध गेली तर आपण काय करणार, हे आधीच ठरवा.

ही वाट आपली नाही का?

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारपुढे ठेवले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये याच योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० ठरला. असा एक आकडा बदलला की लाखो मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो. महाडचा सत्याग्रह आणि समितीपुढची साक्ष ही दोन्ही बाबासाहेबांचीच कामे. पहिले आपण मनापासून पुढे नेले. दुसऱ्यासाठीही आता माणसे तयार करायला हवीत.