सत्राअखेरचा निरोप

ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या पुस्तिकेंत देवळाचें बांधकाम, धर्मगुरूंच्या नेमणुका व सणयात्रा यांची हकीकत इतरांनीं दिलीच आहे. शाळेविषयीं चार पानें लिहिण्याचें काम मजकडे आलें, तेव्हां पटसंख्या, इमारती आणि निकालाचे शेंकडे यांचें एक टांचण करून द्यावें असा माझा विचार होता. परंतु जुने कागद चाळतां चाळतां एक निराळाच प्रश्न मनांत घोळूं लागला. सत्र संपलें, परीक्षा झाली, कागद तपासून झाले. पण आपल्या मुलाचें काय झालें हें त्याच्या आईबापांना कळे कसें? शाळेचा इतिहास पुष्कळ ठिकाणीं लिहिलेला आढळतो. शाळा आणि घर यांच्यामधील वाटेचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाहीं, आणि आपल्या नगर जिल्ह्यांत (सरकारदप्तरीं २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें) ती वाट बरीच खडतर होती.

आपल्या भागांत कॅथोलिक मिशनच्या कामास राहुरी तालुक्यांतील केंदळ येथें १८७८ च्या सुमारास आरंभ झाला. येशूसंघाचे फादर ओटो वाइसहौप्ट हे त्या कामाचे आद्य प्रवर्तक. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन तेव्हां नुकतीच होरपळून निघाली होती. पुढें १८८६ सालीं पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला व नगर जिल्ह्यांतील मिशनकेंद्रें त्याच्या देखरेखीखालीं आलीं. गांवोगांवच्या पहिल्या शाळा गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांत भरत. एक मास्तर, एक फळा, आणि सकाळीं अक्षरें गिरवून दुपारीं गुरांमागें जाणारीं मुलें, एवढाच तो संसार. तोच मास्तर रविवारीं प्रार्थना चालवी, आजाऱ्याजवळ बसे आणि वस्तींत एखादें पत्र आलें तर तेंही वाचून दाखवी. अशा शाळेला पालकांकडे कागद धाडण्याची गरजच नव्हती. मूल दोन दिवस आलें नाहीं कीं मास्तर स्वतःच त्याच्या दारांत जाऊन उभा राही.

कागद जाई तो सरकारकडे. त्या काळीं मुंबई इलाख्यांत अनुदान घेणाऱ्या शाळांना निकालावर पैसे देण्याची पद्धत होती. डिपोटी येई, मुलांची परीक्षा घेई, आणि जितकीं मुलें पास होत तितक्या मानानें अनुदान ठरे. म्हणजे मुलाच्या उत्तराची किंमत रुपयाआण्यांत होई, आणि तिचा हिशेब आईबापांना सोडून इतर सर्वांना कळे! जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत ह्या पद्धतीवर नेमकें बोट ठेविलें होतें. ज्या लोकांत विद्येची गोडी अद्याप उत्पन्नच झालेली नाहीं, त्यांच्यासाठीं निकालावर पैसे देण्याची रीत कुचकामाची आहे, तिच्यावर कोणाही शिक्षकाचें पोट भरणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती पद्धत मागें पडली. तिची संवय मात्र अजून पुरती गेलेली नाहीं. आजही आम्ही शाळावाले निकालाचा शेंकडा सांगतांना ज्या सुरांत बोलतों, तो सूर डिपोटीला ऐकविण्याचा असतो.

आम्हां धर्मगुरूंच्या परंपरेंतही ह्याला थोडी पुष्टि मिळाली, हें कबूल केलें पाहिजे. येशूसंघाची १५९९ सालची प्रसिद्ध शिक्षणनियमावली परीक्षेविषयीं फार बारकाईनें बोलते. परीक्षकांनीं कोठें बसावें, कागद कसे पाहावे, वरच्या वर्गांत चढलेल्यांचीं नांवें सर्वांसमक्ष कशीं वाचावीं, हें सारें तींत आहे. माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं मिस्सा झाल्यावर पास झालेल्या मुलांचीं नांवें वाचलीं जात, ती त्याच रीतीची दूरची शाखा असावी. नांव वाचलें जाणाऱ्याच्या घरीं त्या दिवशीं गूळ वाटला जाई. ज्याचें नांव आलें नाहीं त्याची आई पदर सांवरून लवकर बाहेर पडे. तिच्यासाठीं कोणाजवळच निरोप नसे.

घराशीं पत्रानें बोलण्याची वेळ आली ती मुलें गांव सोडून बोर्डिंगांत राहूं लागलीं तेव्हां. मिशनचें काम आणि एका पैशाचें पोस्टकार्ड हीं आपल्या भागांत जवळ जवळ एकाच वेळीं आलीं, कारण हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें तें १ जुलै १८७९ रोजीं. गांवची चौथी झाल्यावर हुशार मूल मिशनकेंद्राच्या बोर्डिंगांत जाई आणि मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, हें त्याचें ध्येय असे. फायनल झालेला मुलगा प्राथमिक शाळेवर मास्तर होऊं शके. कुळाच्या कुळाची स्थिति त्या एका परीक्षेनें पालटे. तेव्हां बोर्डिंगांतून येणारें कार्ड हें नुसतें खुशालीचें पत्र नसे. त्यावर घरच्यांच्या दहा वर्षांच्या आशा टांगलेल्या असत.

१९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं केंदळ येथून ‘निरोप्या’ हें मासिक काढलें. हेच फादर डोरिंग १९०७ सालीं पुण्याचे बिशप झाले. मासिक धार्मिक होतें. परंतु त्याचें नांव पाहा. लेखक नव्हे, उपदेशक नव्हे, निरोप्या! ज्याला स्वतःला वाचतां येत नाहीं त्याच्या ओसरीवर जाऊन दुसऱ्याचें बोलणें प्रामाणिकपणें सांगणारा तो निरोप्या. वस्तींतील मास्तर नेमकें हेंच करीत असे. पहिल्या महायुद्धांत जर्मन धर्मगुरूंना शत्रुदेशीय म्हणून स्थानबद्ध करण्यांत आलें (जर्मनांची एक मोठी छावणी आपल्या नगर शहरांतच होती) व पुढें मायदेशीं पाठविण्यांत आलें. त्या दिवसांत केंद्रें ओस पडण्याची वेळ आली. तरी गांवोगांवचे मास्तर जागचे हलले नाहींत. आपल्या इतिहासांत फादर लोकांचीं नांवें ठळक छापलेलीं असतात, ह्या मास्तरांचीं क्वचित् सांपडतात, ह्याबद्दल मला नेहमीं हळहळ वाटते.

पुढें माध्यमिक शिक्षण वाढलें. १९४९ पासून मॅट्रिकच्या जागीं एस. एस. सी. ची परीक्षा आली. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयासारख्या शाळांनीं आपल्या जिल्ह्यांतील किती घरांत पहिला एस. एस. सी. झालेला माणूस दिला हें वाचकांस सांगणें नलगे. शालान्त परीक्षेचे बैठक क्रमांक वर्तमानपत्रांत येत, म्हणून ती बातमी तालुक्याच्या एस. टी. स्टँडावरच कळे. सहामाहीचा निकाल सांगणारें वर्तमानपत्र मात्र कोठेंच नव्हतें. त्यासाठीं प्रगतिपुस्तक. आपल्यापैकीं पुष्कळांना तें आठवत असेल: पुठ्ठ्याचें, घडीचें, आंत विषयांचे रकाने, नापासाच्या गुणाखालीं लाल रेघ, शेवटीं वर्गशिक्षकाचा शेरा आणि त्याखालीं ‘पालकाची सही’. माझ्या वडिलांनीं तेथें आंगठा उठविला. शाई अधिक लागली आणि गणिताच्या गुणांवरही डाग पडला. ते गुण पस्तिसाच्या आंतले असल्यानें मला त्या वेळीं त्या डागाचा मोठा आनंद झाला होता.

बोर्डिंगांत असतांना आमच्या घरीं पंधरा पैशांचें कार्ड जाई. आमचे मास्तर तें प्रथम मनांत वाचीत, मग मोठ्यानें. मला पुष्कळ वर्षांनीं कळलें कीं, मोठ्यानें वाचलेलें कार्ड आणि लिहिलेलें कार्ड यांत फरक असे. “इंग्रजींत नापास” एवढेंच लिहिलेलें असलें तर मास्तर वाचीत, “इंग्रजी थोडी राहिली आहे, पुढच्या परीक्षेला होईल, बाकी मुलगा बरा आहे, जेवतो, खेळतो.” हें खोटें होतें काय? सेमिनरींत मीं नीतिशास्त्र शिकलों आहें, तरी ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याची मला घाई नाहीं.

कारण त्याच्या उलट घडलेलें मीं पाहिलें आहे, आणि तें माझ्याच हातून घडलें. नवीन दीक्षा झालेला असतांना एका शाळेची व्यवस्था मजकडे होती. शाळेचें नांव येथें सांगत नाहीं. आपल्या जिल्ह्याचें पंचांग दोन आहेत. एक शाळेचें, त्यांत पहिलें सत्र दिवाळीच्या सुटीपूर्वीं संपतें. दुसरें उंसाचें, त्यांत गाळपाचा हंगाम साधारण त्याच वेळीं सुरू होतो. हरेगांवीं बेलापूर कंपनीचा कारखाना जुना. पुढें १९५० सालीं प्रवरानगरचा सहकारी कारखाना चालू झाला, आणि मग जिल्हाभर कारखाने उभे राहिले. पाथर्डी, शेवगांवकडचीं व शेजारच्या बीड जिल्ह्यांतलीं कोरडवाहू गांवें त्या हंगामांत अर्धीं रिकामीं होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असाच हिशेब असतो. सहामाहीचें प्रगतिपुस्तक घरीं पोहोंचतें तें नेमकें बैलगाडी जुंपण्याच्या वेळीं.

त्या वर्षीं आम्हीं प्रगतिपुस्तकें टपालानें धाडलीं. आठवींतील एका मुलीच्या पुस्तकावर तीन विषयांना लाल रेघ होती, आणि शेऱ्यांत मीं स्वतः लिहिलें होतें, “अभ्यासांत लक्ष नाहीं. नापास. पालकांनीं येऊन भेटावें.” शेजारच्या लहान मुलानें तेवढेंच वाचून दाखविलें. सुटी संपली, मुलगी आली नाहीं. डिसेंबरांत मी कारखान्यावरच्या कोप्यांत शोध घेत गेलों. बाप मोळी बांधीत होता. त्यानें कोपींतून पत्र्याची पेटी आणली, तींतून प्लास्टिकच्या पिशवींत जपून ठेविलेलें तें प्रगतिपुस्तक काढलें आणि म्हणाला, “फादर, तुमीच तर लिवलंय, नापास म्हनून. मंग पोरीचं नांव काढलं असंल, असं आमी धरलं.” सहामाहींत नापास होऊन कोणाचें नांव निघत नाहीं, वार्षिक परीक्षेला अजून चार महिने आहेत, हें मीं त्याला सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. मुलगी पलीकडे उंसाचें वाढें गोळा करीत उभी होती, ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती परत शाळेंत आली नाहीं.

तेव्हांपासून मीं शेरे लिहिण्याची रीत बदलली. आधीं लिहूं लागलों कीं मूल वर्गांत आहे व त्याची जागा राखलेली आहे. मग शाळा कोणत्या तारखेला उघडते. मग त्याला काय चांगलें येतें. गुण सर्वांच्या शेवटीं. कोणाकडून वाचून घ्यावें तेंही लिहीत असें. आणि जेथें जमेल तेथें कागदावर विसंबून न राहतां माणसाला गांठीत असें. हरेगांवची मतमाउलीची यात्रा १९४९ पासून दर सप्टेंबरांत भरते. पहिल्या चाचणीचे निकाल मीं त्या गर्दींत, नारळमेणबत्त्यांच्या दुकानांपुढें उभ्याउभ्या कित्येक बापांना सांगितले आहेत. उंसतोडीला जाण्यापूर्वीं सारें कुटुंब एकत्र भेटण्याची तीच शेवटची संधि असे. मुलांना मागें ठेवून जातां यावें म्हणून पुढें हंगामी वसतिगृहें निघालीं, कारखान्यांवर साखरशाळाही निघाल्या. त्यांनीं कांहीं मुलें वांचलीं.

सरकारनेंही पद्धत बदलली. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, व त्याच वर्षीं २० ऑगस्टच्या शासननिर्णयानें आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. गुणांच्या जागीं श्रेणी आल्या व शिक्षकानें प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंद करावी असें ठरलें. कल्पना उत्तम. परंतु बाजारांत लगेच तयार नोंदींचीं पुस्तकें आलीं, आणि चाळीस मुलांच्या पुस्तकांवर ‘उपक्रमांत उत्साहानें भाग घेतो’ हें एकच वाक्य मीं पाहिलें आहे. त्यांतल्या एका मुलानें तर सत्रभर अंथरूण धरलेलें होतें. २०२० च्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां नववीच्या मुलांना पहिल्या सत्राच्या गुणांवर वर चढविण्यांत आलें. ज्या सहामाहीला आम्ही किरकोळ समजत होतों तीच त्या वर्षीं खरी ठरली. त्या वेळीं निकाल मोबाईलवर गेले. आतां सर्वत्र तसेच जातात, आणि कोप्यांतही पोहोंचतात. मीं शक्य तेथें लिहून न पाठवितां आवाजांत बोलून पाठवितों, म्हणजे मधें वाचणारा लागत नाहीं. तरी आमच्या मास्तरांसारखा वाचणारा मधें असावा असेंही कधीं कधीं वाटतें.

ज्युबिलीच्या आठवड्यांत शाळेच्या सभागृहांत जुन्या वस्तूंचें एक छोटें प्रदर्शन मांडावयाचें आहे. ज्यांच्या घरीं जुनीं प्रगतिपुस्तकें, बोर्डिंगांतून आलेलीं कार्डें किंवा फायनलचे दाखले असतील त्यांनीं तीं कार्यालयांत आणून द्यावीं. पोंच दिली जाईल व वस्तु परत मिळतील. लाल रेघा असलेलीं पुस्तकें आणण्यास कोणी संकोच करूं नये. डाग पडलेलें माझें स्वतःचें पुस्तक मीं टेबलावर आधींच ठेविलें आहे.