चंद्राची घाई कीं पृथ्वीचा आळस?

नित्य ठराविक वेळीं येणारा पाहुणा दिवसेंदिवस थोडा लवकर येऊं लागला, तर आपण त्यालाच उतावळा म्हणतों; भिंतीवरचें घड्याळ मागें पडत असेल, ही शंका सहसा शेवटीं येते. चंद्राच्या बाबतींत ज्योतिर्विदांस ही शंका पटावयास सुमारें एकशेंसत्तर वर्षें लागलीं.

इ. स. १६९५ मध्यें एडमंड हॅले यानें प्राचीन ग्रहणांच्या नोंदी व अल्‌-बत्तानी या अरब ज्योतिष्याचे वेध पडताळून चंद्राची गति वाढत असावी असें सुचविलें. १७४९ सालीं रिचर्ड डन्थॉर्न यानें तिचें मान काढलें. एका शतकांत चंद्र अपेक्षित स्थानाच्या सुमारें १० विकला पुढें जातो, आणि हें अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें; म्हणजे वीस शतकांत तें एका अंशाहून अधिक होतें. पुढें १७५४ त इमान्युएल कांट यानें भरतीओहोटीच्या घर्षणानें पृथ्वीचें परिवलन मंदावत असलें पाहिजे असें लिहिलें. परंतु त्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

लक्ष वेधून घेतलें तें लाप्लासनें. इतर ग्रहांच्या आकर्षणामुळें पृथ्वीची कक्षा हळूहळू अधिक वर्तुळाकार होत आहे, आणि त्यायोगें चंद्राची गति वाढते, असें त्यानें १७८७ त दाखविलें. गणिताचें उत्तर आलें जवळजवळ १० विकला! आतां संशय कोणीं घ्यावा?

तो घेतला केंब्रिजच्या जॉन कूच ॲडम्सनें. लाप्लासच्या गणितांत कांहीं पदें सुटलीं आहेत, तीं धरल्यास उत्तर सुमारें ६ विकलाच येतें, असें त्यानें १८५३ त सिद्ध केलें. मोठें वादळ उठलें. पाँतेकुलाँसारख्या फ्रेंच गणित्यानें कडाडून विरोध केला. वेधांशीं जुळणारें उत्तर चुकीचें कसें असेल, असा विरोधकांचा सवाल होता. उत्तर जुळलें कीं रीत तपासावयाची नाहीं, ही आमच्या विद्यार्थ्यांची समजूत थोरांसही सुटत नाहीं तर! लाप्लास म्हणजे फ्रान्सचा अभिमान. तरीही शार्ल दलोने या फ्रेंच ज्योतिष्यानेंच अगदीं निराळ्या पद्धतीनें गणित करून १८५९ त इंग्रजाच्या बाजूनें कौल दिला. या साऱ्या कथेंत मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

पण मग उरलेल्या विकलांची वाट काय? १८६५ त दलोनेनेंच उत्तर दिलें, आणि अमेरिकेंत विल्यम फेरेल त्याच सुमारास तेथवर पोहोंचला होता. समुद्राच्या भरतीचा फुगवटा नेमका चंद्राखालीं राहत नाहीं; वेगानें फिरणारी पृथ्वी त्यास किंचित् पुढें नेते. चंद्र त्या फुगवट्यास मागें ओढतो, म्हणून पृथ्वीचें परिवलन मंदावतें. फुगवटा चंद्रास पुढें ओढतो, म्हणून चंद्राची कक्षा विस्तारते. आणि दूर गेलेला चंद्र पूर्वींपेक्षां सावकाश फिरतो! ग्रहांमुळें येणारी वाढ जमेस धरूनही चंद्र एकंदरींत मंदावतच आहे. परंतु ज्या घड्याळानें आपण त्यास मोजीत होतों, ती पृथ्वी त्याहून अधिक मंदावत असल्यानें तो घाईंत असल्याचा भास होत होता. भरतीचा हा अभ्यासक १८७२ त शेरबुर्गजवळ नाव उलटून समुद्रांतच बुडाला.

चार्ल्स डार्विनचा पुत्र जॉर्ज यानें १८७९ पासून हेंच गणित भूतकाळांत उलटें चालवून चंद्र एकेकाळीं पृथ्वीच्या अगदीं निकट होता असें प्रतिपादिलें. १९६३ त जॉन वेल्सनें सुमारें ३८ कोटी वर्षांपूर्वींच्या प्रवाळांवरील वाढीच्या रेषा मोजल्या. वर्षाच्या एका पट्ट्यांत त्या ४०० च्या आसपास भरल्या. वर्ष तेवढेंच, दिवस मात्र आंखूड! १९६९ त अपोलो-११ च्या अंतराळवीरांनीं चंद्रावर परावर्तक ठेवला; त्यावर लेसरचे किरण पाठवून केलेल्या मापनांवरून चंद्र दरसाल सुमारें ३.८ सेंटिमीटर दूर जातो असें ठरलें.

दिवस शतकास सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम पावणेदोन पटींनें लांबतो. एवढ्यानें काय होतें, असें कोणी म्हणेल. इ. स. पूर्वीं १३६ च्या १५ एप्रिल रोजीं बाबिलोनमध्यें सूर्य पूर्ण ग्रासला, भर दिवसा शुक्र व बुध दिसले, असें तेथील मातीच्या विटांवर कोरलेलें आहे. पृथ्वी तेव्हांपासून आजच्याच गतीनें फिरत आली असती, तर ती छाया बाबिलोनवर पडतीच ना. सुमारें ४९ अंश पश्चिमेकडे, भूमध्य समुद्राच्या पार दुसऱ्या टोंकाकडे पडती.