चौकटी कंसातलं काटोल

आज जरा कोडचा इतिहास. घाबरू नका, प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार टाकला की शब्द ठळक होतो, हे २०१६ पासून आपण सगळेच करतो. साध्या मजकुरात अशा खुणा टाकायच्या आणि सॉफ्टवेअरने त्या ओळखून मजकूर सजवायचा, याला म्हणतात लाइटवेट मार्कअप. या खुणांना भाषा नसते असं वाटतं ना? असते, भाऊ. चांगलीच असते.

१९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी काढला. लिंक द्यायची तर दोन शब्द जोडून लिहायचे, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. बस, झाली लिंक. पण देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून? २००१ मध्ये विकिपीडियाही याच पद्धतीने सुरू झाला. नशीब की त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंस आले. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी. तोवर कंस रुळले होते.

आता खरी गंमत. समजा मी लिहिलं, [[काटोल]]ला संत्र्यांचा बाजार भरतो. लिंक 'काटोल'ला मिळाली, पण 'ला'चं काय? इंग्रजीत कंसानंतर लगेच आलेली अक्षरं लिंकमध्येच धरायचा नियम होता, अनेकवचनाच्या 'एस'साठी सोयीचा. पण त्या नियमाला माहीत होती फक्त ए ते झेड. मग अर्धा शब्द निळा, अर्धा काळा. मीडियाविकीच्या मराठीच्या फाइलमध्ये यासाठी वेगळी ओळ आहे. तिच्यात देवनागरी अक्षरं घेतली आहेत आणि पूर्णविरामाचा दंड मुद्दाम वगळला आहे. त्यामुळे अख्खं 'काटोलला' निळं दिसतं. एक ओळ, फक्त एक! पण ती लिहिणाऱ्याला विभक्ती प्रत्यय म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं.

तरी सगळं सुटत नाही. 'पुणे'चं 'पुण्याला' होतं, शब्दच आतून बदलतो. तिथे [[पुणे|पुण्याला]] असं दोनदा लिहावंच लागतं, मध्ये उभी रेघ टाकून.

आणि ती रेघ टाइप कशी करणार? १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला. त्यात चौकटी कंस उघडायच्या बटणावर आहे 'ड', स्टारच्या जागी 'श्र', उभ्या रेघेच्या जागी 'ऑ'. काऊन? आपली अक्षरं जास्त, बटणं तेवढीच. म्हणून इनस्क्रिप्टवाल्याला एका लिंकसाठी मराठीतून इंग्रजीत, परत मराठीत उड्या माराव्या लागतात. त्यातही दंड अगदी उभ्या रेघेसारखाच दिसतो. चुकून तो पडला तर लिंक तुटते, आणि नवख्याला कारण शोधून सापडत नाही.

मार्कडाउन २००४ चं, जॉन ग्रुबर यांचं. साध्या ईमेलमध्ये लोक जशा खुणा करायचे तशाच त्यांनी घेतल्या; शब्द तिरपा करायला स्टार किंवा अंडरस्कोर, काहीही चालायचं. पण प्रोग्रामर नावं जोडताना मध्ये अंडरस्कोर टाकतात, आणि ती नावं उगाच तिरपी व्हायला लागली. म्हणून २०१४ च्या कॉमनमार्कमध्ये ठरलं की शब्दाच्या मधला अंडरस्कोर खूण मानायचा नाही. प्रोग्रामर म्हणून मला हे पटतं. पण त्यामुळे *काटोल*ला लिहिलं तर 'काटोल' तिरपं होतं, आणि _काटोल_ला लिहिलं तर अंडरस्कोर तसेच उघडे पडतात. प्रत्यय चिकटवून लिहायची आपली रीत त्या नियमाच्या हिशेबातच नव्हती.

तेव्हा मराठीत मार्कडाउन लिहिताना सरळ स्टार वापरा. भेटू पुढच्या एपिसोडला!