मुरुमांवरील मलम आणि त्याचे ऋण



मुरूम हा काही जीवघेणा विकार नव्हे. घरातील वडीलधारी मंडळी त्याला वयाची खूण म्हणतात आणि विषय सोडून देतात. परंतु ज्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वा मुलीच्या गालांवर तो उमटतो, त्यांना तो इतका क्षुल्लक वाटत नाही. चारचौघांत मान खाली घालणे, छायाचित्राच्या वेळी मागे सरकणे, फळ्यापाशी यावे लागू नये म्हणून येत असलेले उत्तरही न देणे, या गोष्टी शाळेत शिकविणाऱ्याला नित्य दिसतात. आपल्याकडे सुश्रुताने या विकाराला मुखदूषिका असे नाव दिले आणि त्याच्या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली. म्हणजे हे दुःख जुनेच आहे. नवा आहे तो त्यावरील एक उपाय. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात त्या ट्रेटिनॉइन नावाच्या मलमाचा इतिहास आज आपणांसमोर मांडावयाचा आहे. तो मांडताना एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. औषध गुणकारी आहे, पण ते ज्यांच्या अंगावर आधी लावून पाहिले गेले त्यांची आठवण नळीवरच्या चिठ्ठीवर कोठेही नाही.

या मलमाचे मूळ अ-जीवनसत्त्वात आहे. त्या जीवनसत्त्वाचा त्वचेशी काय संबंध आहे याचा पहिला दाखला, त्याला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात मिळाला. डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स याचे जहाज १५९६ साली नोव्हाया झेम्ल्या बेटापाशी बर्फात अडकले आणि खलाशांनी तेथेच हिवाळा काढला. १५९७ च्या मे महिन्यात त्यांनी एका पांढऱ्या अस्वलाचे काळीज, म्हणजे यकृत, शिजवून खाल्ले. सगळे आजारी पडले. त्यांतील तिघांची प्रकृती विशेष बिघडली व त्यांच्या अंगाची कातडी नखशिखांत सोलून निघाली. अस्वलाच्या यकृतात विष आहे, एवढाच बोध त्या काळी झाला. ते विष म्हणजे अ-जीवनसत्त्वाचा अतिरेकी साठा होय, हे रोडाल आणि मूर या संशोधकांनी १९४३ साली दाखवून दिले.

मधल्या काळात जीवनसत्त्वाचा शोध लागला होता. अमेरिकेत १९१३ साली मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी, व त्याच वर्षी ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी, लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांत वाढीला आवश्यक असे काही द्रव्य असल्याचे सिद्ध केले. १९२५ साली वुलबॅक आणि हाऊ यांनी हे द्रव्य न मिळालेल्या उंदरांची तपासणी केली. शरीरातील नाजूक, ओलसर अस्तरे कोरडी होऊन शिंगासारखी कठीण बनतात, असे त्यांना आढळले. माणसाच्या त्वचेवर तोच परिणाम दिसला तो चीनमध्ये. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात फ्रेझियर आणि हू यांनी १९३१ साली अशा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली की ज्यांची त्वचा रुक्ष झाली होती आणि केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे कठीण बुचांनी भरून गेली होती. त्यांत सैनिकांचा भरणा मोठा होता. कॉड माशाच्या यकृताचे तेल देताच हे रुग्ण सुधारू लागले. आता या दोन चित्रांची सांगड घालून पाहावी. जीवनसत्त्व फार झाले की त्वचा सोलवटते, आणि कमी पडले की तिची छिद्रे बुजतात. मुरुमाचा आरंभ तर छिद्र बुजण्यातूनच होतो.

तेव्हा मुरुमांवर अ-जीवनसत्त्व का देऊ नये, असा विचार कोणाच्या तरी मनात येणे स्वाभाविकच होते. अमेरिकेच्या ओरेगन प्रांतातील स्ट्रॉमफ्योर्ड या डॉक्टरांनी १९४३ साली तसा प्रयोग करून त्याचे फलित प्रसिद्ध केले. परंतु गुण यावा एवढी मात्रा पोटात दिली, तर बारेंट्सच्या खलाशांची गत रुग्णांची होण्याचे भय होते. हे द्रव्य शरीराबाहेर लवकर टाकले जात नाही, ते यकृतात साचून राहते. म्हणून सर्व शरीराला भार न देता केवळ त्वचेवर त्याचा गुण कसा आणावा, हा प्रश्न उभा राहिला.

त्याच्या उत्तराचे धागे निरनिराळ्या देशांत विणले जात होते. हॉलंडमधील आरेन्स आणि व्हान डोर्प यांनी १९४६ साली अ-जीवनसत्त्वाचे आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. केंब्रिज येथे ऑनर फेल आणि मेलनबी यांनी १९५३ साली कोंबडीच्या गर्भाची त्वचा काचपात्रात वाढवून तिला भरपूर अ-जीवनसत्त्व दिले, तेव्हा कठीण आवरण बनण्याऐवजी तेथे ओलसर अस्तर तयार झाले. म्हणजे त्वचेची पेशी पुढे कोणते रूप घेणार, हे ठरविण्यात या द्रव्याचा हात आहे, ही गोष्ट स्पष्ट झाली. जर्मनीतील स्ट्युटगेन यांनी १९६२ साली हे आम्ल मलमाच्या रूपाने, त्वचा जाड होण्याच्या विकारांवर वापरले. गुण आला, पण त्वचा लाल होऊन चुरचुरू लागली. हाच दोष त्याच्या प्रसाराआड आला.

यानंतर या इतिहासात येतात फिलाडेल्फियाचे डॉक्टर आल्बर्ट क्लिगमन. त्यांचा जन्म १९१६ चा. प्रथम ते वनस्पतिशास्त्राचे, त्यातही बुरशीचे अभ्यासक होते आणि मागाहून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्वचारोगांचे अध्यापक झाले. फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने मुरुमांच्या उपचाराची दिशाच बदलली. ज्या चुरचुरीला इतर डॉक्टर भ्याले, ती सोसूनही औषध चालू ठेवले तर पुढे खरा गुण दिसतो, असा त्यांचा अनुभव होता. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने १९७१ साली या मलमाला परवानगी दिली आणि रेटिन-ए या नावाने ते बाजारात आले.

त्याचे कार्य थोडक्यात असे चालते. केसाच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते आणि तिचे तेल एका अरुंद नळीतून त्वचेवर येते. या नळीच्या भिंतीवरील मृत पेशी सुट्या सुट्या गळून पडावयाच्या, त्या एकमेकींना चिकटल्या की बूच तयार होते. तेल आत कोंडते, जंतू वाढतात, सूज येते आणि पुळी दिसू लागते. ट्रेटिनॉइन या पेशींना चिकटू देत नाही. म्हणजे ते दिसणाऱ्या पुळीवर नव्हे, तर अजून न दिसणाऱ्या बुचावर घाव घालते. म्हणूनच ते पुळीपुरते न लावता साऱ्या मुरुमाळ भागावर पातळ लावावयाचे असते. सबंध चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. उन्हात ते विघटित होते, म्हणून रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर लावावे, आणि दिवसा उन्हापासून त्वचा जपावी. पहिल्या काही आठवड्यांत साल निघते, आग होते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटते. पुष्कळजण येथेच कंटाळून नळी फेकून देतात. परंतु खरा पालट दिसावयास दोन-तीन महिने लागतात. सौम्य मात्रेपासून, प्रसंगी एक रात्र आड करून, सुरुवात करणे हिताचे असते. गरोदर स्त्रीने मात्र ते वापरू नये.

आता या कथेची दुसरी बाजू. फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा एक तुरुंग होता. तेथील कैद्यांच्या पायांना बुरशीचा विकार झाला म्हणून क्लिगमन यांना १९५१ साली बोलावण्यात आले. रुग्ण तपासावयास गेलेल्या या डॉक्टरांना तेथे प्रयोगासाठी शेकडो माणसांची त्वचा एका ठिकाणी आयती मिळाली. तेव्हापासून १९७४ पर्यंत त्या तुरुंगात प्रयोगांचे सत्र चालू राहिले. साबण, सुगंधी द्रव्ये, मलमे आणि नवी औषधे कैद्यांच्या पाठीवर व चेहऱ्यावर लावून पाहिली गेली. सैन्यासाठी मनावर परिणाम करणाऱ्या रसायनांच्या चाचण्या झाल्या. डाऊ केमिकल कंपनीसाठी डायॉक्सिन हे घातक विष त्वचेवर लावून पाहण्यात आले. मुरुमांवरील आम्लाच्या चाचण्याही याच तुरुंगात झाल्या.

या कैद्यांनी संमती दिली नव्हती काय? कागदावर त्यांच्या सह्या होत्या. पण सही आणि संमती यांत अंतर असते. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय व गरीब होते. पुष्कळांचे खटले अद्याप चालावयाचे होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. जामिनाला पैसा नव्हता आणि तुरुंगातील नेहमीच्या कामाची मजुरी नाममात्र होती. प्रयोगाला बसले तर त्याहून कितीतरी अधिक डॉलर हाती पडत. अंगाला काय लावले जात आहे, हे पुष्कळांना सांगितलेच गेले नाही. नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल देताना अमेरिकन न्यायाधीशांनीच १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे दंडक घालून दिला होता. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची मुक्त आणि समजून दिलेली संमती ही त्याची पहिलीच अट होती. चार वर्षे उलटतात न उलटतात तोच त्यांच्याच देशातील एका तुरुंगात ती अट कागदापुरती उरली.

आम्हा ख्रिस्ती घरांतील मुलांना दयेची कृत्ये पाठ करावी लागतात. भुकेल्याला अन्न देणे, उघड्याला वस्त्र देणे, यांच्या बरोबरीने बंदिवानाला भेटणे हेही त्यांत येते. होम्सबर्गच्या बंदिवानांना विद्वान माणसे तेवीस वर्षे भेटत होती, पण भेटीचा हेतू मात्र निराळा होता.

एका माणसाला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपण तत्कालीन मान्य पद्धतीनेच काम केले, असे क्लिगमन यांचे म्हणणे २०१० साली मृत्यू येईपर्यंत कायम राहिले. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही, कारण विद्यापीठ, नगरपालिका, कंपन्या आणि सरकारी खाती या सर्वांना हे प्रयोग ठाऊक होते. नोंदींतील विसंगतीवरून औषध नियंत्रण खात्याने १९६६ साली क्लिगमन यांचा चाचण्या घेण्याचा अधिकार काढून घेतला होता, पण थोड्याच अवधीत तो परत दिला. दोष सर्वांचा होता, म्हणूनच तो कोणाला टोचला नाही.

टस्कगी येथे कृष्णवर्णीय उपदंश-रुग्णांना उपचारांविना ठेवल्याचे प्रकरण १९७२ साली उजेडात आले, तेव्हा अमेरिकेत लोकमत खवळले. त्यानंतर दोन वर्षांनी होम्सबर्गचे प्रयोग थांबले आणि पुढे कैद्यांवरील संशोधनाला कडक नियम लागू झाले. अॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली ‘एकर्स ऑफ स्किन’ हे पुस्तक लिहून सारी हकीकत जगापुढे ठेवली. एकरांवर पसरलेली त्वचा, असा त्या नावाचा अर्थ, आणि तो शब्दप्रयोग खुद्द क्लिगमन यांचा. २००० साली सुमारे ३०० माजी कैद्यांनी दावा लावला, पण मुदत टळून गेल्याच्या कारणाने तो टिकला नाही. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया नगराने २०२२ साली क्षमा मागितली. तोवर त्या कैद्यांपैकी कित्येकजण हे जग सोडून गेले होते.

या औषधाच्या भावंडांनीही पुढे तोच धडा दिला. पोटात घ्यावयाचे आयसोट्रेटिनॉइन १९८२ साली अमेरिकेत आले. हट्टी मुरुमांवर त्याचा गुण अपूर्व होता. पण गर्भावस्थेत ते घेतल्यास अर्भकात गंभीर व्यंगे निर्माण होतात, हे लॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली साधार मांडले. जनावरांवरील प्रयोगांतून हा धोका आधीच कळला होता आणि औषधाबरोबर इशाराही दिलेला होता. तरीही तो प्रत्येक स्त्रीपर्यंत पुरेसा पोहोचला नाही. इशारा छापणे आणि तो माणसाला समजावून देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे, असे मात्र कोणी मानू नये. क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ साली त्वचेवरील काळे डाग घालविण्यासाठी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचविले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मुदतीपुरते वापरावयाचे ते औषध. त्याच धर्तीची मलमे आपल्या देशात गोरे होण्याची मलमे म्हणून दुकानाच्या फळीवरून विकली जाऊ लागली. मैत्रिणीने सांगितले, शेजारणीला गुण आला, एवढ्या आधारावर मुली ती महिनोन्‌महिने चोळू लागल्या. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो. मग स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, तांबडी पडते, लव वाढते, आणि मलम बंद करताच आग व मुरूम दुप्पट जोराने उसळतात. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. नियम झाला, परंतु सवय नियमाने लगेच जात नाही.

होम्सबर्गच्या कैद्याला अंगाला काय लावले जात आहे हे कोणी सांगितले नाही. आपल्या मुलींना ते सांगण्याची सोय आहे, तरी आपण विचारत नाही. मुरूम किंवा डाग यांवर मलम घ्यावयाचे असेल, तर ते कशाचे आहे, त्यात स्टेरॉइड आहे काय, किती दिवस लावावयाचे आणि कशाचे भय बाळगावयाचे, हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? उत्तर मिळाल्यावर मात्र दोन-तीन महिने धीर धरावा. शुद्ध ट्रेटिनॉइनचे मलम योग्य हातांत अजूनही उत्तम औषध आहे, आणि त्याने कित्येक तरुण चेहऱ्यांना वर मान करून पाहावयास शिकविले आहे. ज्यांनी त्याची किंमत आपल्या पाठीवर मोजली, त्यांचे ऋण आता फेडता येण्याजोगे नाही. पण जाणून घेण्याचा जो अधिकार त्यांना मिळाला नाही, तो आपण वापरावा आणि आपल्या मुलांना वापरावयास शिकवावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.