पेन्शनच्या कागदात न मावलेल्या पणज्या

जालना शहरात हुतात्मा जनार्दन मामांच्या नावाचा चौक आहे. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, जिल्हाभर झेंडावंदन होते आणि लढवय्यांची नावे आदराने उच्चारली जातात. त्या नावांत स्त्रिया किती, हे कधी मोजून पाहा. जालना जिल्ह्यापुरते बोलायचे तर बहुधा एकच नाव ऐकू येईल : धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. बाकीच्या कुठे गेल्या? आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडा भूगोल, कारण त्याशिवाय पुढचे उमगणार नाही. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर परतूर परभणीत. १९४७ मध्ये हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. शेजारचा बुलढाणा मात्र वऱ्हाडातला. जालन्याहून देऊळगाव राजा तीसेक किलोमीटर. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर जालन्याच्या शेतकऱ्याला स्वतंत्र हिंदुस्थान बैलगाडीच्या एका दिवसाच्या अंतरावर दिसत होता आणि तरी तो त्याचा नव्हता.

पुढचा घटनाक्रम तुम्हाला ठाऊकच आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा, कासिम रझवीचे रझाकार, २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार आणि अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. १४ सप्टेंबरला औरंगाबाद शरण आले. जालन्याजवळ मात्र भारतीय फौजेला चिवट प्रतिकार झाला. या मधल्या वर्षभरात सरहद्दीपलीकडे सत्याग्रहींची आणि सशस्त्र तरुणांची शिबिरे उभी राहिली होती. तिथून टोळ्या रात्री आत येत, नाके आणि चौक्यांवर हल्ले करत आणि उजाडण्यापूर्वी परत फिरत.

दगडाबाई या धामधुमीतल्या. बदनापूर तालुक्यातल्या खेड्यातली ही शेतकरी स्त्री पुरुषी वेष करून, घोड्यावर बसून, हत्यार घेऊन रझाकारांविरुद्ध उभी राहिली. त्या काळच्या मराठवाड्यात हे किती अघटित होते, याची कल्पना आज करणे अवघड आहे. स्वातंत्र्यानंतरही त्या पुष्कळ वर्षे हयात होत्या, म्हणून त्यांचे नाव तरी उरले. माझ्या मते त्यांची स्मृती टिकण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जरा बोचणारे आहे. दगडाबाईंनी केलेले काम पुरुषांच्या कामासारखे होते. घोडा, बंदूक, हल्ला. इतिहासाला ते चटकन ओळखता आले.

आता दुसरे काम पाहू. वीस माणसांची एक टोळी गावाबाहेरच्या मळ्यात दिवसभर लपली आहे, असे समजा. माणशी दोन वेळा तीन-तीन भाकरी धरल्या तर दिवसाला १२० भाकरी झाल्या. भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले तरी १२ किलो पीठ लागणार. बहुतेक खेड्यांत तेव्हा दळण जात्यावरचे. एका जात्यावर हे काम तासा-दोन तासांत उरकणारे नव्हे. शिवाय जात्याची घरघर शेजारच्या चार घरांत ऐकू जाते. अवेळी जाते फिरले की गावातल्या खबऱ्याला अंदाज येतो. ज्वारी आणायची कुठून, हाही प्रश्नच, कारण दुसऱ्या महायुद्धापासून निजाम सरकारची धान्याची सक्तीची लेव्ही चालू होती. शेतकऱ्याच्या घरी जे उरे, ते पेवात दडवलेले असे. पेव उघडायचे, पाखडायचे, दळायचे, थापायचे, टोपलीत भरून वर शेणाच्या गोवऱ्या रचायच्या आणि रानात निघाल्यासारखे निघायचे. वाटेत कोणी हटकले तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. हे एकदा नव्हे, आठवडेच्या आठवडे.

याला काय म्हणायचे? घरच्यांनी त्याला ‘स्वयंपाक’ म्हटले. तिने स्वतःही तेच म्हटले.

सरकारी दप्तराचा हिशेब वेगळा होता. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना सुरू झाली. मुख्य अट सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची होती. स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांवर आणली होती. भूमिगतांसाठीही वाट होती, पण त्यासाठी फरारी घोषित केल्याचा हुकूम, पकडण्यासाठी लावलेले बक्षीस किंवा दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या सैनिकाचे प्रमाणपत्र लागे. पुढे हैदराबादच्या लढ्यातील सरहद्दीवरच्या शिबिरांचे कामही ग्राह्य धरले गेले. नियम करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. खोट्या दाव्यांना आळा घालायचा तर कागद मागावाच लागतो. पण जी बाई शिबिरात गेलीच नाही, जिच्या नावे वॉरंट निघाले नाही, कारण ती पकडली न जाण्यातच तिच्या कामाचे सारे यश होते, तिने कोणता कागद आणायचा? निजामी दप्तर उर्दूत, ती निरक्षर आणि गावात तिची ओळख ‘अमक्याची माय’ एवढीच.

हा केवळ मराठवाड्याचा प्रश्न नव्हता. त्याच निजामी राज्याच्या तेलंगण भागात सशस्त्र शेतकरी लढा झाला आणि त्यात वावरलेल्या स्त्रियांकडे स्त्री शक्ती संघटना या गटाच्या अभ्यासक १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर घेऊन गेल्या. त्या मुलाखतींचे पुस्तक आधी तेलुगूत आणि १९८९ मध्ये इंग्रजीत ‘वुई वेअर मेकिंग हिस्टरी’ या नावाने आले. त्यातल्या स्त्रिया शौर्य सांगतात, तसेच लढा संपल्यावर ‘आता घरी जा’ असे ऐकावे लागल्याचे दुःखही सांगतात. त्यांना विचारणारे कोणी वेळेत पोहोचले. आपल्याकडे ते फार थोड्यांच्या वाट्याला आले.

तुमची पणजी त्या पिढीतली. कोणाच्या घरी तिला मोठी माय म्हणत, कोणाकडे जिजी. ती आज बहुधा नाही, पण तिच्या मुली-सुना, म्हणजे तुमच्या आज्या, असतील. जन्मतारीख विचारू नका, ती कोणालाच ठाऊक नसते. खुणा विचारा. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. रझाकारी म्हणजे १९४७-४८. सुकडीचा आणि लाल मिलोचा दुष्काळ म्हणजे १९७२. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. ‘रझाकारीत थोरली माझ्या कडेवर होती’ असे ती कधी म्हणाली असेल, तर थोरलीचा जन्म १९४६ च्या आसपासचा, आणि त्या काळची लग्नाची वये पाहता पणजीचा साधारण १९२५ ते १९३०. एका वाक्यातून एवढे हाती लागते.

आणि या खुणांच्या मधली वर्षेही विचारा. रझाकारीत भाकरी पोहोचवणारी हीच बाई पुढे गावची बाळंतपणे करताना आढळते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांची लेकरे सांभाळणारीही बहुतेक वेळा हीच. ‘समाजसेवा’ हा शब्द तिच्या बोलण्यात कधी आला नसेल.

एक गोष्ट मात्र टाळू नका, जरी घरातल्यांना ती अवघड वाटली तरी. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यासह अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवलेला होता. तेव्हा पणजीने रझाकारांपासून कोणाला लपवले, एवढेच विचारून थांबू नका. सप्टेंबरनंतरच्या त्या आठवड्यांत तिच्या कणगीमागे कोण बसले होते आणि शेजारचे कोणते घर रिकामे झाले, हेही विचारा. काही घरांत उत्तर अभिमानाचे निघेल, काही घरांत आजी विषय बदलेल. दोन्ही लिहून ठेवा.

विचारताना ‘पणजी स्वातंत्र्यलढ्यात होती का?’ असा प्रश्न करू नका. उत्तर ‘छे, ती काय करणार, चूल-मूल सांभाळायची’ असेच येईल. त्याऐवजी विचारा : तेव्हा घरी दळण किती लागायचे? रात्री-अपरात्री जेवायला कोण यायचे? पेव कुठे होते? मग मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मध्ये बोलू नका.