दुसरी किल्ली



मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा पगार चार दिवस उशिरा झाला. खात्यात पैसे होते, मी खजिनदार घरीच होतो. अडलं कशावर, तर किल्लीच्या जुडग्यात मावेल अशा एका चिमुकल्या यंत्रावर. त्याची बॅटरी संपली होती.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सोसायटीच्या खात्याला नेट बँकिंग आहे. पैसे पाठवायचे तर एकाने एन्ट्री करायची, त्याला 'मेकर' म्हणतात. दुसऱ्याने ती मंजूर करायची, तो 'चेकर'. मी मेकर आणि आमचे सेक्रेटरी चेकर. दोघांना बँकेने एकेक टोकन दिलंय. बटण दाबलं की सहा आकडे दिसतात, ते थोड्याच वेळात बदलतात. तेवढ्यात ते कॉम्प्युटरवर टाकायचे. सेक्रेटरी ७८ वर्षांचे. ते चष्मा शोधेपर्यंत आकडा गेलेला असतो!

बॅटरी संपली तर बदलता येत नाही, यंत्रच नवं घ्यावं लागतं. त्यासाठी फॉर्म, सोसायटीचा ठराव, शिक्का आणि दोघांच्या सह्या. बँकेत दोन खेपा झाल्या. रोज संध्याकाळी वॉचमन विचारायचा, "साब, आज हो जाएगा?" चौथ्या दिवशी मी खिशातून रोख दिले आणि विषय संपवला. पण मनातून काही गेला नाही. कारण मी स्वतः ३७ वर्षं बँकेत काढलीत.

जळगावकडून बी.कॉम. होऊन १९७३ मध्ये सुरतेला एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. त्या काळात 'टोकन' म्हणजे पितळी बिल्ला. काउंटरला चेक दिला की क्लार्क चेकच्या मागे नंबर लिहून तोच नंबर कोरलेला बिल्ला हातात द्यायचा. चेक लेजरवर जायचा, मग ऑफिसर स्पेसिमेन कार्डावरची सही ताडून पाहायचा, मग कॅशियर नंबर पुकारायचा. अर्धा-पाऊण तास सहज जायचा. बिल्ला हरवला तर अर्ज लिहून द्या आणि थांबा. त्रास तेव्हाही होता, हे आधी कबूल करतो. 'आमच्या वेळी सगळं छान होतं' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

आणि आजचा ओटीपी तरी कुठे अगदी नवीन आहे? आम्ही तो हाताने काढत होतो! तारेने पैसे पाठवायचे, म्हणजे टीटी करायची, तर तारेत एक 'टेस्ट' नंबर घालावा लागे. बँकेचं गुप्त कोडबुक असे. त्यात महिन्याचा आकडा, तारखेचा आकडा, रकमेचा आकडा. सगळ्यांची बेरीज करून तो नंबर तारेत लिहायचा. समोरच्या शाखेतला ऑफिसर आपलं पुस्तक उघडून तीच बेरीज करायचा. जुळली तर पैसे, नाही जुळली तर उलट तार. आजच्या टोकनमध्ये हेच चालतं. यंत्रात एक गुपित आकडा आणि एक घड्याळ, बँकेच्या कॉम्प्युटरकडे तोच आकडा आणि तीच वेळ. दोघं वेगवेगळं गणित करतात आणि उत्तर जुळवतात. यंत्राचं घड्याळ फार मागेपुढे झालं की उत्तर चुकतं, आणि आपण म्हणतो, "अहो, बरोबर तर टाकलाय आकडा!"

त्याच्याही मागे जायचं तर सुरत हे हुंडीचं गाव. ईस्ट इंडिया कंपनीलासुद्धा पैसा पाठवायला इथल्या सराफांच्या हुंड्यांचा आधार लागे. हुंडीत रक्कम नुसती लिहीत नसत. हजार रुपये, त्याचे निम्मे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार, असं लिहीत. म्हणजे कुणी एक शून्य वाढवायला गेला तर निम्म्याचा हिशेब चुकणार. हुंडी हरवली तर तिची 'पेठ' निघायची, तीही हरवली तर 'परपेठ'. शहाजोग हुंडीचे पैसे तर पत असलेल्या 'शहा'च्या हातीच द्यायचे, कुणाही वाटसरूला नाही. कॉमर्सच्या पुस्तकात मी हे मार्कांसाठी पाठ केलं होतं. सुरतेत आल्यावर कळलं की ही इथल्या पेढ्यांवरची रोजची भाषा होती.

आता मुद्द्यावर येतो. निम्मे-दुप्पट लिहायची कटकट सराफाची. कोडबुक सांभाळायची जबाबदारी बँकेची. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या आम्हा नोकरदारांच्या कमरेला. ग्राहकाने फक्त सही करायची आणि थांबायचं.

किल्लीचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर १९९४. प्लेगची बातमी वेडरोड-कतारगाम भागातूनच पसरली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडत होते. हिऱ्यांचे कारखाने बंद, रत्नकलाकार सौराष्ट्राकडे निघालेले. मी तेव्हा कतारगामच्या शाखेत होतो. सकाळपासून पैसे काढायला ही रांग. सगळ्यांना गाडीभाडं हवं होतं. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. डुप्लिकेट किल्ल्या नियमाप्रमाणे दुसऱ्या शाखेत. आणि हेड कॅशियरचा पत्ता नाही.

त्यांचं गाव अमरेलीकडे. आम्ही धरून चाललो की हे गेले. मी बाहेर जाऊन लोकांना थोडं थांबा म्हणालो, पण मलाच खात्री नव्हती. अकराच्या सुमारास ते आले, नाकाला रुमाल बांधलेला, खिशात टेट्रासायक्लिनची पट्टी. बायको-मुलांना स्टेशनवर गाडीत बसवून, रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत आले होते. मी म्हटलं, "भाई, तुम्ही गेला असतात तरी कुणी बोललं नसतं." ते म्हणाले, "साहेब, चावी तो मारी पासे हती ने." एवढंच. आम्ही दार उघडलं. दुपारपर्यंत पितळी बिल्ले कमी पडले, तेव्हा कागदाच्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहून दिले.

सुरक्षेचा जाच काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. तो जाच असलाच पाहिजे, फक्त तो पेलणारं माणूस पाहिजे.

पुढे कॉम्प्युटर आले, बिल्ले गेले. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण हवी, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. तेव्हा कित्येक देशांत कार्डावरचे आकडे टाकले की काम व्हायचं. आपल्याकडे ही दुसरी किल्ली लवकर आली आणि ती आली हे चांगलंच झालं. कुणी पासवर्ड दिला, कुणी कार्डाच्या मागे चौकटी छापल्या, कुणी टोकन, मग सगळीकडे मोबाइलवरचा ओटीपी. यंत्रही अगदी अभेद्य नव्हे. असं टोकन बनवणाऱ्या आरएसए या नामांकित अमेरिकन कंपनीच्याच यंत्रणेत मार्च २०११ मध्ये चोर शिरले आणि पुढे तिला ग्राहकांची टोकनं बदलून द्यावी लागली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्यात तर फोन आणि सिमकार्ड हीच किल्ली झाली. फोन बदलला की पुन्हा श्रीगणेशा. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे नियम काढले, १ एप्रिल २०२६ पासूनचे. त्यातही दोन खुणा कायम आहेत, फक्त एसएमएसच्या ओटीपीवरच अडून राहायला नको.

म्हणजे किल्ल्या दोनच राहिल्या. पण आता दोन्ही ग्राहकाच्या कमरेला आहेत. मेकर मी, चेकर मी, कोडबुक मी, वॉचमनही मीच!

आता एक कबुली. सेक्रेटरींचं बंद पडलेलं टोकन हातात घेतलं तर मागे पट्टी चिकटवलेली, तिच्यावर पिन लिहिलेला. माझ्यातला जुना ऑफिसर जागा झाला. मी चिडलोच. ते शांतपणे म्हणाले, "याद नथी रहेतुं, तो शुं करुं?" घरी आलो आणि मला माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण माझा नेट बँकिंगचा पासवर्ड पुण्यात मुलीकडे आहे. तिने तिकडून व्यवहार करायचा आणि मी इकडून फोनवर ओटीपी वाचून दाखवायचा, असं तीन वर्षं चाललंय. ज्याने आयुष्यभर ज्युनियरांना 'किल्ली सख्ख्या भावालाही द्यायची नाही' असं बजावलं, त्याने हे केलं!

आणि नियम काय सांगतो? ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ग्राहकाला चांगलं संरक्षण आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशी फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली तर नुकसान ग्राहकावर नाही. पण ग्राहकाने स्वतः पासवर्ड वगैरे दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. नियम म्हणून बरोबर आहे. पण ज्याला सहा आकडे वेळेत वाचता येत नाहीत, त्याने कुणाचा तरी हात धरल्याशिवाय करायचं काय? यंत्र बनवताना थरथरता हात आणि मोतीबिंदूचा डोळा कुणीतरी समोर ठेवायला हवा होता.

त्याहून मोठी काळजी आमच्या 'ही'ची. खातं आम्हा दोघांचं, पण नेट बँकिंग माझ्या नावाने आणि ओटीपी माझ्याच मोबाइलवर. उद्या मी नसलो तर आयुष्यभराची पुंजी समोर असून दाराबाहेर उभी राहणार ती! आमच्या पिढीतल्या किती घरांत हेच असेल?

म्हणून या महिन्यापासून तीन गोष्टी केल्या. मुलीकडचा पासवर्ड बदलला. तिला वाईट वाटलं नाही, उलट "बाबा, बरं झालं," म्हणाली. रोजच्या व्यवहाराला वेगळं खातं, त्यात थोडेच पैसे. आणि हिच्या नावाने वेगळं खातं, तिचा नंबर, तिचा पिन. फसवणूक झाल्यास फिरवायचा १९३० नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावलाय.

परवा हिने गॅसचं बिल पहिल्यांदा स्वतः भरलं. दोनदा वेळ संपली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "थांबा हो, तुम्ही बाजूला व्हा." तिसऱ्या वेळी पैसे गेले. वीस मिनिटं लागली. मी बाजूलाच उभा होतो, तिचा पिन न बघता, तोंड खिडकीकडे करून.

मंडळी, तुमच्या घरात दुसरी किल्ली कुणाकडे आहे? आज संध्याकाळी एकदा विचारून पाहा, आणि खाली जरूर लिहा. पिन मात्र लिहू नका!